तांबेरा उन्हाळ्यात कोठे असतो?

माघ महिना सरत आला की माळव्यातल्या काळ्या जमिनीत, नर्मदेच्या खोऱ्यात आणि खाली बेळगाव-धारवाडकडच्या शिवारात गव्हाच्या ओंब्या भरू लागतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे दिवस फार नाजूक असतात. पीक तर उभे राहिलेले असते, परंतु दाणा अद्याप घरात आलेला नसतो. अशा वेळी चार दिवस आभाळ भरून यावे, पहाटे दव पडून पाने ओली राहावीत आणि वारा दमट व्हावा, की जाणत्या माणसांचा जीव खालीवर होऊ लागे. तांबेरा लागलेल्या शेतातून माणूस चालत गेला तर त्याचे धोतर गुडघ्यापर्यंत तांबूस होऊन येई. विटेची भुकटी उधळावी तसा तो रंग असे. तो रंग दिसला म्हणजे वर्षाचा हिशेब चुकला, हे घरातल्या पोरासोरांनाही कळत असे.

ह्या रोगाला मराठीने दिलेले नाव फार चपखल आहे. तांब्याच्या रंगावरून तांबेरा. हिंदीभाषक प्रदेशात त्याला गेरूवरून गेरुआ म्हणतात, कोठे रतुआ म्हणतात. तिन्ही नावे रंगाचीच आहेत, आणि त्यात नवल नाही. कारण रंगापलीकडे ह्या रोगाचे काहीच माणसाच्या हाती लागत नव्हते. तो येई, पीक खाई आणि उन्हाळ्यात पार नाहीसा होई. वैशाखात शेत नांगरून टाकले, धसकटे जळून गेली, जमीन भाजून निघाली, तरी पुढल्या पौष-माघात तो पुन्हा हजर. मधल्या काळात तो कोठे असतो, हा प्रश्न साधा दिसतो खरा. पण त्याचे उत्तर मिळण्यास हिंदुस्थानात विसाव्या शतकाचा पूर्वार्ध खर्ची पडला.

प्रथम रोगाची ओळख करून घेतली पाहिजे, कारण तांबेरा एक नव्हे, तीन आहेत. खोडावर आणि पानाच्या देठाकडील आवरणावर लांबट, गडद तपकिरी फोड येतात व त्यांच्या कडेने साल फाटून वर आलेली दिसते, तो काळा तांबेरा. पीक पिकू लागले की हे फोड काळे पडतात, म्हणून त्याला हे नाव. पानांवर नारिंगी रंगाचे लहान, गोलसर ठिपके इतस्ततः विखुरलेले असले तर तो पानावरचा, म्हणजे नारिंगी तांबेरा. आणि पानाच्या शिरांना धरून पिवळ्या ठिपक्यांच्या ओळी, शिवणयंत्राने टीप घालावी तशा सरळ उठल्या असल्या, तर तो पिवळा तांबेरा. पान नुसते पिवळे पडणे म्हणजे तांबेरा नव्हे. खताची उणीव, पाण्याचा ताण किंवा थंडी ह्यांनीही पान पिवळे होते. बोट फिरवून पाहावे; बोटाला पूड लागली तरच शंका खरी. पिवळ्याला थंडी मानवते, काळ्याला ऊब लागते, नारिंगी मधल्या हवेत सुखाने वाढतो. म्हणून पंजाबकडच्या शेतकऱ्याला पिवळ्याची धास्ती आणि माळव्यातल्या शेतकऱ्याला काळ्याची.

ती पूड म्हणजे एका सूक्ष्म बुरशीचे बीजाणू. पान काही तास ओले राहिले की बीजाणू रुजतो, पानात शिरतो, आणि हवा अनुकूल असली तर आठ-दहा दिवसांत त्याच जागी नवा फोड उठून त्यातून हजारो बीजाणू बाहेर पडतात. ते वाऱ्यावर पुढच्या शेतात जातात. अशा चार-पाच पिढ्या एका हंगामात सहज होतात. दाण्याकडे जावयाचा रस ही बुरशी वाटेतच शोषून घेते, आणि मळणीच्या वेळी शेतकऱ्याच्या हाती सुरकुतलेला, हलका दाणा येतो. वारा देताना त्यातला बराचसा भुशाबरोबर उडून जातो.

माणसाने गहू पेरावयास घेतला तेव्हापासून हे संकट त्याच्या मागे असावे. जुन्या करारात शलमोन राजाने यरुशलेमच्या मंदिराच्या अर्पणप्रसंगी केलेली प्रार्थना आहे. तीत दुष्काळ, मरी आणि टोळधाड ह्यांच्या बरोबरीने पिकावर पडणाऱ्या रोगाचाही उल्लेख येतो. रोमन लोकांनी तर तांबेऱ्याला देवताच मानले होते. दरवर्षी २५ एप्रिल रोजी रोबिगस देवाच्या नावाने मिरवणूक निघे आणि कुत्र्याचा बळी दिला जाई. रोम ख्रिस्ती झाले, देव बदलला, बळी थांबला. परंतु त्याच तारखेस पिकांच्या रक्षणासाठी प्रार्थना म्हणत काढावयाची मिरवणूक ख्रिस्तसभेच्या पंचांगात पुढे शतकानुशतके राहिली. शेतकऱ्याची भीती धर्मांतराने गेली नव्हती, एवढे ह्यावरून दिसते.

आपल्याकडील पहिले सविस्तर वर्णन एका अनपेक्षित माणसाच्या लेखणीतून उतरले आहे. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून ज्याचे नाव शाळेच्या पुस्तकांतून आपण वाचतो, तो कर्नल स्लीमन १८२०च्या सुमारास नर्मदेच्या खोऱ्यात अधिकारी म्हणून आला. सागर-जबलपूरचा हा मुलूख थोड्याच वर्षांपूर्वीपर्यंत मराठ्यांच्या अंमलाखाली होता. देवरीच्या मराठी जहागिरदाराशी आपण कशा गप्पा मारीत असू, हेही त्याने आपल्या १८४४ सालच्या पुस्तकात मोठ्या आवडीने लिहिले आहे. त्याच पुस्तकात तांबेऱ्यावर एक प्रकरण आहे. १८२७ ते १८३२ ह्या वर्षांत त्या खोऱ्यात एकामागून एक साथी आल्या. वीस मैल लांब आणि दहा मैल रुंद असा गव्हाचा सलग पट्टा आपण असा नष्ट झालेला पाहिला, की चार शेतांपैकी एकाचीही कापणी करण्याचा खर्च लोकांना परवडेना, आणि तो कडबा गुरांना घालण्यासही ते धजेनात, असे तो सांगतो.

पण त्या प्रकरणातला खरा मनाला चटका लावणारा भाग पुढे आहे. लोक कारण शोधीत होते. कोणी राज्यकर्त्यांच्या पापाकडे बोट दाखवी, कोणी आपल्याच गावाच्या. काहींचा समज असा की जवसावर येणारा तांबडा रोगच गव्हावर उतरतो, तेव्हा जवसाचा पेरा बंद करावा. (हा तर्क चुकीचा होता, कारण जवसाचा तांबेरा वेगळ्या जातीचा असतो व तो गव्हाला लागत नाही, परंतु तर्काची रीत मात्र शास्त्रज्ञाची होती. एका पिकावरचा रोग दुसऱ्या पिकावरून येऊ शकतो, ही कल्पना युरोपातही त्या काळी वादाचीच होती.) सागरच्या बाजूला एका गुराख्यास दृष्टांत झाल्याची वार्ता उठली: अमुक नदीचे अमुक ठिकाणचे पाणी घड्यात भरून, घडा वाटेत जमिनीला न टेकविता, आपल्या शेतावर नेले म्हणजे तांबेरा टळतो. आणि दूरदूरच्या खेड्यांतून माणसे खांद्यावर घडे घेऊन त्या नदीकडे लोटली. त्यांना हसणे सोपे आहे. परंतु ज्याच्या हातात दुसरे काहीच नाही, त्याने आणखी काय करावयाचे होते?

युरोपात तोवर सूक्ष्मदर्शक यंत्राचा उपयोग सुरू झाला होता. इटलीत फोंताना आणि तार्जोनी-तोझेत्ती ह्या दोघांनी १७६७ साली स्वतंत्रपणे असे दाखविले की तांबेरा म्हणजे बिघडलेला रस किंवा दैवी कोप नसून पिकावर जगणारी बारीक वनस्पती आहे. पुढे १८६५ साली जर्मन शास्त्रज्ञ अँटन द बारी ह्याने काळ्या तांबेऱ्याचे अर्धे आयुष्य एका निराळ्याच झुडपावर जाते हे सिद्ध केले. ते झुडूप म्हणजे बार्बेरी. आपल्या दारुहळदीचे ते भावंड. थंड देशांत हिवाळ्यानंतर तांबेरा प्रथम ह्या झुडपावर येतो व तेथून गव्हावर जातो. ह्या शोधाचा परिणाम मोठा झाला. अमेरिकेत १९१६ साली काळ्या तांबेऱ्याची भयंकर साथ आली, तेव्हा १९१८पासून तेथे बार्बेरीची झुडपे उपटून टाकण्याची मोहीम सुरू झाली आणि ती अनेक वर्षे चालली.

साहजिकच हिंदुस्थानातही शास्त्रज्ञांची नजर दारुहळदीकडे वळली. सिमल्यास असलेले वैद्यकीय अधिकारी आर्थर बार्क्ले ह्यांनी १८८०नंतरच्या दशकात हिमालयातील दारुहळदीवरच्या तांबेऱ्याचा कसून अभ्यास केला. १९०६ साली बटलर आणि हेमन ह्यांनी हिंदी गव्हाच्या तांबेऱ्यावर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. परंतु कोडे सुटेना. दारुहळद डोंगरात, गहू मैदानात, मध्ये शेकडो मैल. जबलपूरच्या शेताजवळ दारुहळदीचे एकही झुडूप नसताना तेथे तांबेरा दरसाल कसा येतो? इंग्रजी पुस्तकातले उत्तर जसेच्या तसे उचलून येथल्या मातीत लावले, तर ते रुजत नाही, ह्याचा हा नमुना होता.

येथे एक तुलना केली म्हणजे अडचण नीट ध्यानात येईल. गव्हाची काणी, म्हणजे ओंबीचा काळा भुगा करणारा रोग, हा बियाण्याच्या आत राहतो. आपल्याच खळ्यावरच्या दाण्यात तो पुढल्या वर्षासाठी दडून बसलेला असतो. म्हणून त्याचा इलाजही शेतकऱ्याच्या हातात येऊ शकला. पंजाबात लुथरा ह्यांनी १९३०नंतरच्या काळात एक बिनखर्ची रीत बसवून दिली: भर उन्हाळ्यात सकाळी चार तास बी पाण्यात भिजवावे आणि दुपारच्या कडक उन्हात पसरून वाळवावे. भिजल्याने बुरशी जागी होते आणि उन्हाने मरते. ज्याच्या घरी पाणी, घमेले आणि अंगण आहे त्याला ते करता येते. तांबेऱ्याचे तसे नाही. तो बियाण्यात नसतो, जमिनीत नसतो. आपले शेत कितीही निर्मळ ठेवा, दुसऱ्याच्या शेतातून तो वाऱ्यावर बसून येतो. मग ते ‘दुसरे शेत’ कोणते?

ह्या प्रश्नाला ज्याने आयुष्य वाहिले, तो माणूस कोण्या मोठ्या सरकारी संस्थेचा संचालक नव्हता. करमचंद मेहता हे आग्रा येथील कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचा जन्म १८९२चा, अमृतसरचा. केंब्रिजला जाऊन त्यांनी तेथील परिसरातल्या तांबेऱ्यावरच संशोधन केले आणि १९२३च्या सुमारास परत येऊन आग्र्यास कामाला लागले. वर्ग घ्यावेत, परीक्षा घ्याव्यात आणि उरलेला वेळ तांबेऱ्याला द्यावा, असा क्रम. पुढे १९२९ साली शेतकी संशोधनासाठी अखिल भारतीय मंडळ स्थापन झाल्यावर त्यांच्या कामास पैशाचे पाठबळ मिळाले, आणि आग्रा, सिमला, अल्मोडा अशा निरनिराळ्या उंचीवरच्या ठिकाणी त्यांना केंद्रे चालविता आली.

मेहतांनी पहिला प्रश्न असा घातला: मैदानातल्या उन्हाळ्यात हा बीजाणू जगू शकतो काय? आग्र्याचा ज्येष्ठ ज्यांनी अनुभवला आहे त्यांना उत्तराचा अंदाज येईल. तेथल्या उन्हात ठेवलेले बीजाणू रुजण्याची शक्ती गमावून बसतात, हे प्रयोगाने ठरले. शेतात उगवलेली चुकार गव्हाची रोपेही त्या दिवसांत टिकत नाहीत. म्हणजे मैदानात तांबेरा दरवर्षी खरोखरीच मरतो. दुसरा प्रश्न दारुहळदीचा. डोंगरावरच्या दारुहळदीवर दिसणारा तांबेरा गव्हावर घालून पाहिला असता गव्हाचा रोग तिच्यातून येत असल्याचा पुरावा मिळेना. म्हणजे युरोपातली वाट येथे बंद.

उरली एकच शक्यता. जेथे उन्हाळा सौम्य असतो आणि मैदानातला गहू कापला गेल्यावरही कोठे ना कोठे हिरवा गहू उभा असतो, तेथे तांबेरा जिवंत राहत असला पाहिजे. अशा जागा दोन. उत्तरेस हिमालयाचे डोंगर आणि दक्षिणेस निलगिरी व पळणीचे डोंगर. निलगिरीत तर वर्षातून दोन पिके निघत. मेहता आणि त्यांचे सहकारी ह्या डोंगरांतून वर्षानुवर्षे हिंडले. कोणत्या उंचीवर, कोणत्या महिन्यात, स्वतःहून उगवलेल्या रोपावर की पेरलेल्या पिकावर तांबेरा दिसतो, ह्याची नोंद त्यांनी ठेवली. चिकट लेप दिलेल्या काचपट्ट्या वाऱ्यात ठेवून हवेतून येणारे बीजाणू पकडले आणि ते शेतात रोग दिसण्याच्या किती आधी येतात हे पाहिले. सारी टिपणे एकत्र मांडल्यावर चित्र उभे राहिले: दक्षिणेकडे रोग लवकर दिसतो, मध्य हिंदुस्थानात त्यानंतर, आणि उत्तरेच्या मैदानात काळा तांबेरा सर्वांत उशिरा. जणू एखादी फौज दक्षिणेकडून मुक्काम करीत वर चालली आहे आणि दुसरी हिमालयातून खाली उतरत आहे. १९२९च्या भारतीय विज्ञान परिषदेत त्यांनी ह्या सिद्धांताची मांडणी केली, आणि सविस्तर ग्रंथाचा पहिला भाग १९४० साली प्रसिद्ध झाला.

ह्या शोधातून एक सूचना आपोआप निघाली व ती मेहतांनी स्पष्टपणे केली. निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत उन्हाळी गहू पेरणे थांबवावे, चुकार रोपे नष्ट करावीत, हिमालयातही पेरणीच्या वेळा बदलाव्यात. म्हणजे रोगाचा उन्हाळी मुक्काम मोडेल. तांबेऱ्याने देशाचे दरसाल सुमारे सहा कोटी रुपयांचे नुकसान होते, असा त्यांचा त्या काळचा अंदाज होता. त्यापुढे डोंगरावरचा थोडासा गहू म्हणजे काहीच नव्हे, असा हिशेब कागदावर कोणीही मांडील. परंतु निलगिरीच्या उतारावर ज्याचे दोन बिघे शेत आहे, त्याच्या पोटाचा हिशेब निराळा. नर्मदाकाठच्या शेतकऱ्याला त्याने कधी पाहिले नाही, त्याच्या शेतात रोग उठतो तो फारसा जाणवतही नाही, आणि हजार मैलांवरच्या लोकांसाठी त्याने आपला पेरा सोडावयाचा! मेहतांची सूचना शास्त्राच्या दृष्टीने अचूक होती. पण त्या डोंगरी कुणब्याला मोबदला काय द्यावयाचा, हे तिच्यात ठरलेले नव्हते, आणि ती पुरती अंमलात कधीच आली नाही. पुढे बटाटा, भाजीपाला आणि चहा ह्यांच्यापुढे निलगिरीतला गहू आपणहूनच पुष्कळ मागे हटला, ही गोष्ट वेगळी.

ह्या दिरंगाईची किंमत किती असू शकते ते १९४६-४७च्या हिवाळ्याने दाखविले. शहरांतून शिधापत्रिकांवर धान्य मिळत होते, परदेशांतून गहू आणावा लागत होता, बंगालचा दुष्काळ होऊन पुरती चार वर्षेही झाली नव्हती. अशा वेळी मध्य हिंदुस्थानात काळ्या तांबेऱ्याची प्रचंड साथ आली. सुमारे वीस लाख टन गहू त्यात गेला असे मानतात. त्या वर्षी देशात इतक्या मोठ्या घडामोडी चालल्या होत्या की इतिहासाच्या पुस्तकांत ह्या साथीस दोन ओळीही क्वचित मिळतात. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या ज्या मराठी घरांत त्या वेळची शेती होती, त्यांच्या जुन्या हिशेबवह्यांत मात्र ते साल सापडण्याचा संभव आहे. मेहता तेव्हा हयात होते. ते १९५० साली निवर्तले, आणि त्यांच्या ग्रंथाचा दुसरा भाग १९५२ साली, त्यांच्या पश्चात, छापला गेला.

मुक्काम मोडता येत नाही, तर मग ज्यावर तो चालून येतो त्या पिकालाच बळकट करावे, हा दुसरा मार्ग. त्यातही एक अडचण होती. अमेरिकेत स्टॅकमन ह्यांनी दाखवून दिले होते की दिसावयास एकच असलेल्या तांबेऱ्यात अनेक वंश असतात; एका वंशाला दाद न देणारा गहू दुसऱ्या वंशापुढे शरण जातो. हे वंश ओळखावयाचे कसे? स्टॅकमन आणि लेव्हिन ह्यांनी १९२२ साली बारा निवडक गव्हांचा एक संच ठरविला. नमुना ह्या बारांवर टोचावयाचा आणि कोणत्या गव्हावर कसा फोड उठतो ते पाहून वंशाचा क्रमांक द्यावयाचा. त्या बारांत मार्क्विस, कुबांका अशा परदेशी नावांच्या रांगेत शेवटचे नाव आहे खपली! सांगली-सातारा, बेळगाव-धारवाडकडे पुरणपोळीसाठी आणि खिरीसाठी ज्या गव्हाला आजही मान आहे, तोच हा खपली गहू. तो दाण्यावरचे टरफल सहजी सोडत नाही म्हणून आपल्या लोकांनी त्याला हे नाव दिले, आणि काळ्या तांबेऱ्याच्या बहुतेक वंशांना तो पुरून उरतो म्हणून अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी त्याला आपल्या संचात बसविले. कृष्णाकाठच्या कुणब्याने उसाच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या बियाण्याचे नाव असे जगभरच्या प्रयोगशाळांत गेले. त्या कुणब्याला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

मुंबई इलाख्यातही हे काम नेटाने झाले. महाबळेश्वरची थंड व ओली हवा तांबेऱ्यास मानवते, म्हणून १९४०नंतरच्या दशकात तेथे गव्हाच्या तांबेऱ्याचे संशोधन केंद्र उभे राहिले. ज्या हवेसाठी साहेबलोक आणि पुढे शेटसावकार तेथे जात, तीच हवा रोग जिवंत ठेवून त्याची परीक्षा पाहावयास उपयोगी पडली, ही गंमतच म्हणावयाची. नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या केंद्रात स्थानिक गव्हाचा केनियातील रोगप्रतिकारक गव्हाशी संकर करून जे वाण काढले, त्यांना केनिया आणि निफाड मिळून केनफाड हे नाव पडले. दिल्लीस बी. पी. पाल ह्यांनी तिन्ही तांबेऱ्यांना तोंड देणारा एन. पी. ८०९ हा गहू १९५४ साली दिला. त्याच वर्षी निलगिरीत वेलिंग्टन येथे रोगाच्या घरातच संशोधन केंद्र सुरू झाले.

मेहतांच्या चित्रात एक दुवा मात्र अपुरा होता. निलगिरीतून बीजाणू निघतात हे खरे. पण मध्ये शेकडो मैल ओलांडून ते मध्य भारतात काही वर्षी प्रचंड प्रमाणात उतरतात आणि काही वर्षी मुळीच नाही, असे का? ह्याचे उत्तर १९७०नंतर एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवामानाच्या नकाशांत शोधले. दिवाळीनंतर बंगालच्या उपसागरात वादळे उठतात. त्यांतले एखादे दक्षिणेच्या किनाऱ्यावरून आत शिरून मध्य भारतात विरले, तर त्याच्या वाऱ्यावर निलगिरीचे बीजाणू उचलले जातात आणि पावसाच्या थेंबांबरोबर कोवळ्या गव्हावर धुऊन उतरतात. वादळाची वाट, वरच्या हवेतील दाबाची स्थिती आणि पाऊस ह्या तिन्ही गोष्टी जुळल्या तर रोगाची अपेक्षा करावी, अशी त्यांनी मांडलेली सूत्रे जगाच्या शास्त्रीय वाङ्मयात भारतीय काळ्या तांबेऱ्याचे नियम म्हणून ओळखली जातात. ह्याच काळातील अभ्यासाने मेहतांच्या सिद्धांतात दुरुस्तीही झाली. काळ्या तांबेऱ्याच्या बाबतीत हिमालयाचा वाटा थोडा, निलगिरीचाच मुख्य; आणि पिवळा तांबेरा निलगिरीत असला तरी उष्ण पठार ओलांडून तो वर येऊ शकत नाही, उत्तरेस त्याचे घर हिमालयच. दुरुस्तीने मेहतांचे मोठेपण कमी होत नाही. दुरुस्त करण्याजोगा नकाशा त्यांनीच काढून ठेवला होता.

चांगला वाण मिळाला म्हणजे पहारा उठवावा, असेही झाले नाही. १९६७च्या सुमारास आलेल्या कल्याणसोना गव्हाने देशाच्या कोठारांचा कायापालट केला. पण तोच एक वाण मैलोगणती पेरला गेला आणि काही वर्षांतच पानावरच्या तांबेऱ्याचा नवा वंश त्यावर वाढून बसला. पुढे युगांडात १९९८ साली आढळलेला काळ्या तांबेऱ्याचा एक वंश जगात गाजला. ज्या एका गुणावर अनेक देशांतील गव्हांची भिस्त होती, तोच त्याने निष्प्रभ केला होता. २००७ साली तो इराणात पोहोचल्याचे दिसले, तेव्हा आपल्याकडील केंद्रांतून अधिक डोळ्यांत तेल घालून शेते पाहिली जाऊ लागली. १९४६-४७सारखी काळ्या तांबेऱ्याची साथ मध्य भारतात गेल्या कित्येक दशकांत आलेली नाही. तरुण शेतकऱ्यांना तर तो रोग डोळ्यांनी पाहिल्याचे आठवत नाही, आणि पहाऱ्याच्या दृष्टीने हीच मोठी अडचण आहे. न पाहिलेला चोर ओळखावयाचा कसा?

म्हणून पहाऱ्याची एक जुनी युक्ती अद्याप चालू आहे. डोंगरी प्रदेशांत आणि साथीच्या वाटेवर ठिकठिकाणी मुद्दाम लहान वाफे पेरतात. त्यांत तांबेऱ्याला लवकर बळी पडणारे जुने गहू आणि नवे वाण शेजारी शेजारी असतात. त्यांतून पीक मिळवावयाचे नसतेच. पहिला फोड कोणत्या दिवशी, कोणत्या वाणावर उठला, एवढेच पाहावयाचे. रोगट पान मिळाले की ते सिमल्यास फ्लॉवरडेल येथील केंद्रात पाठवितात. मेहतांच्या हातून सुरू झालेल्या ह्या केंद्रात देशभरातल्या तांबेऱ्याचे वंश जिवंत जपलेले आहेत, आणि तेथून निघणाऱ्या वार्तापत्राचे नाव ‘मेहतान्सिस’ असे ठेवलेले आहे.

पान पाठविण्याची रीतही ठरलेली आहे. ते सावलीत सुकवावयाचे, उन्हात नव्हे. उन्हात बीजाणू मरतो, हे आग्र्याच्या उन्हाळ्याने शिकविलेच आहे. पाकीट कागदाचेच हवे, कारण प्लास्टिकच्या पिशवीत पान घामेजते आणि त्यावर भलतीच बुरशी चढते. पाकिटावर गाव, गव्हाचा वाण आणि पान तोडल्याची तारीख लिहावयाची. तारीख विसरली तर नमुन्याचा अर्धा उपयोग गेला.